लग्नाचे छायाचित्रण : प्रकाश, सामग्री आणि व्यवहार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्या छायाचित्रकारांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याची दोनदा चर्चा टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वतंत्रपणे ऑर्डरी घ्यायला सुरुवात करतो आहे. कमीत कमी कोणती सामग्री हवी?

दोन कॅमेरा बॉडी हव्यात आणि त्यांतील निदान एकीत दोन कार्डांची सोय हवी. दुसरी बॉडी सेकंडहँड किंवा भाड्याची असली तरी चालेल. मात्र ती बॅगेत न ठेवता खांद्यावर ठेवावी, कारण मंगळसूत्र बांधले जात असताना बॅगेची चेन उघडण्याइतकाही वेळ मिळत नाही. २४-७० एफ/२.८ आणि ८५ एफ/१.८ (आधीचा आकडा मिलिमीटरमधील नाभीय अंतराचा; ‘एफ’चा आकडा जितका लहान तितके भिंगाचे छिद्र मोठे) या दोन लेन्सवर पहिला सिझन व्यवस्थित निघतो. ७०-२०० एफ/२.८ ही लेन्स लागेल तेव्हा भाड्याने आणावी आणि भाड्याची बेरीज डोळ्यांत भरू लागली की मगच विकत घ्यावी. दोन फ्लॅश, रेडिओ ट्रिगर, दोन मजबूत स्टँड आणि बॅटऱ्यांचे जादा संच यांवरचा खर्च मात्र कमी करू नये. नवी बॉडी घेण्यासाठी कर्ज काढणारे आणि स्टँडसाठी पाचशे रुपये जास्त मोजताना कचरणारे अनेक जण मी पाहिले आहेत. ग्राहकाला बॉडीचे मॉडेल दिसत नाही, नवरीच्या डोळ्यांखालची काळी सावली दिसते.

२. हॉलमध्ये फ्लॅश छतावर बाउन्स करून, म्हणजे छताकडे मारून परतलेल्या प्रकाशात, काम भागते. लॉनवर छतच नसते, तिथे काय करावे?

आपल्याकडील बहुतेक मोठी लग्ने लॉनवर होतात, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. बाउन्स करण्यासाठी पांढरे आणि फार उंच नसलेले छत लागते. उघड्या आकाशाकडे तोंड केलेला फ्लॅश फक्त बॅटरी संपवतो, आणि तोच फ्लॅश सरळ चेहऱ्यावर मारला तर कपाळ चमकते व मागचा सारा लॉन काळा पडतो.

यावर उपाय एकच, तो म्हणजे प्रकाशाचा स्रोत कॅमेऱ्यापासून वेगळा करणे. मंचाच्या दोन्ही पुढच्या कोपऱ्यांवर, साधारण आठ-नऊ फूट उंचीवर, चेहऱ्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन करतील असे दोन फ्लॅश लावावेत. एक मुख्य ठेवावा आणि दुसऱ्याची शक्ती एक-दीड स्टॉपने कमी ठेवावी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, एफ/४ आणि शटर १/१२५ अशी सुरुवात केली, तर मागची रोषणाई टिकते आणि फ्लॅशला १/८ किंवा १/१६ शक्तीवर काम करता येते. त्यामुळे तो लगेच पुन्हा भरतो आणि तापतही नाही.

अंतराचा हिशेब समजून घेतला की निम्म्या अडचणी संपतात. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी होतो. आहेराच्या वेळी मंचावर दोन रांगांत पाहुणे उभे असतील आणि फ्लॅश पहिल्या रांगेपासून दोन मीटरवर असेल, तर एक मीटर मागे असलेल्या दुसऱ्या रांगेला निम्म्याहूनही कमी प्रकाश मिळतो. मागे उभे असलेले मामा-मामी काळवंडतात ते यामुळेच. तोच फ्लॅश चार मीटरवर नेऊन शक्ती वाढवली, तर दोन रांगांमधील फरक सुमारे दोन-तृतीयांश स्टॉपवर येतो. कौटुंबिक छायाचित्रांसाठी प्रकाश दूर आणि उंच ठेवावा, जोडप्याच्या छायाचित्रांसाठी जवळ आणावा.

लॉनवर वारा असतो. प्रकाश मऊ करणारी छत्री लावलेला फ्लॅशचा स्टँड पाहुण्यांवर पडला, तर छायाचित्राचा विषय बाजूला राहतो आणि भरपाईचा सुरू होतो. प्रत्येक स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी. ती नसेल तर पाण्याचे दोन मोठे कॅन बांधावेत. शक्य असेल तेथे मी छत्री वापरतच नाही. मदतनिसाच्या हातात मोनोपॉडवर लावलेला फ्लॅश देतो, कारण स्टँडला सांगून बाजूला होता येत नाही, मदतनिसाला येते.

३. मंचावर एलईडी वॉल आणि रंगीत पार लाइट (मंचावर झोत टाकणारे दिवे) असतात. चेहरे जांभळे किंवा हिरवे येतात आणि एडिटिंगमध्येही सुधारत नाहीत. असे का?

हॅलोजनचा प्रकाश पिवळा असला तरी त्यात सगळे रंग असतात, म्हणून व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगांची जुळणी) बदलून तो सुधारता येतो. रंगीत एलईडी पार जांभळा प्रकाश टाकतो तेव्हा त्यात हिरव्याचा अंश जवळजवळ नसतो; जो रंग चेहऱ्यावर पडलाच नाही तो संगणक आणणार कोठून? त्यामुळे हा प्रश्न मंचावरच सोडवावा लागतो. लाइट ऑपरेटरला लग्नाच्या आधीच भेटून, मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत समोरचे पार फक्त वॉर्म व्हाइट ठेवण्याची विनंती करावी, तसेच वॉलची तीव्रता कमी करून घ्यावी. ही विनंती शक्यतो मुलीच्या वडिलांच्या उपस्थितीत करावी, म्हणजे ती लक्षात राहते.

रोषणाई मुख्यतः पिवळी असेल, तर फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावावी. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा असतो आणि पूर्ण सीटीओ त्याला हॅलोजनच्या जवळ, म्हणजे ३२०० केल्विनच्या आसपास आणते. त्यानुसार कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स हाताने ठरवला, की चेहरा आणि पार्श्वभूमी एकाच घरातील दिसतात. अर्धी सीटीओ लावून थोडी ऊब राहू दिली तर नवरीचा शालू अधिक खुलतो, असे माझे मत आहे. मात्र लाल शालूवर लाल एलईडी पडला की लाल रंगाचा तपशील पूर्ण जळतो, त्यामुळे अशा वेळी फक्त एकत्रित हिस्टोग्राम (उजेड-अंधाराच्या वाटणीचा आलेख) न पाहता लाल रंगाचा स्वतंत्र हिस्टोग्रामही पाहावा.

४. फोटोत आणि व्हिडिओत आडव्या काळ्या पट्ट्या येतात. कॅमेरा बिघडला आहे का?

बहुधा नाही. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवल्यास पट्ट्या जातात, आणि व्हिडिओसाठी सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५० हेच प्रमाण योग्य ठरते. इलेक्ट्रॉनिक शटरमुळे पट्ट्या वाढतात, म्हणून हॉलमध्ये मेकॅनिकल शटर वापरावे आणि कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असल्यास ते सुरू ठेवावे. एलईडी वॉल आणि मंद केलेले पार यांची लुकलुक याहून वेगळ्या गतीची असते. त्यांच्यासाठी व्हेरिएबल शटरने दशांशात बदल करत पट्टी नाहीशी होईल तो आकडा शोधावा लागतो, आणि हे काम पाहुणे येण्यापूर्वी करावे.

५. पत्रिकेवर गोरज मुहूर्त असतो, पण लग्न लागते रात्री नऊला. प्रकाशाचे नियोजन कसे करावे?

पत्रिकेवरील वेळेवर विसंबून नियोजन करू नये; वरात कोठून निघणार आणि बँड किती वाजता सांगितला आहे, हे विचारावे. नवरदेवाचे मित्र लॉनच्या फाटकासमोर शेवटचे गाणे म्हणून आणखी चार गाण्यांवर नाचतात, हे गृहीतच धरावे. नागपुरात डिसेंबरच्या मध्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि मेअखेर पावणेसातच्या पुढे. म्हणून हिवाळ्यात नवरीची एकटीची छायाचित्रे साडेचारला सुरू व्हायला हवीत, याचा अर्थ मेकअप चारपर्यंत संपायला हवा. ही वेळ ब्यूटिशियनला आदल्या दिवशी स्वतः फोन करून सांगावी, घरच्यांमार्फत निरोप देऊ नये. लग्न लांबलेच, तर उजेडातील छायाचित्रे हाती असल्याने रात्री फक्त विधींकडे लक्ष देता येते. जादा तासांचा आकार हा व्यवहाराचा भाग आहे, तो प्रश्न १२ मध्ये पाहावा.

६. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी समोर पाहुण्यांचे मोबाइल आणि व्हिडिओवाल्याचा लाइट येतो. जागा कशी धरावी?

हा क्षण एक-दोन सेकंदांचा असतो आणि पुन्हा करवून घेतला तर तसा दिसतो. दोघांचे चेहरे एकाच चौकटीत हवे असतील, तर अंतरपाटाच्या रेषेत, कापडाच्या टोकाशी उभे राहावे. समोरची जागा व्हिडिओवाल्यास सोडावी. दोघांनी चहाच्या वेळीच जागा ठरवून घेतल्या की मंचावर कोपर मारण्याची वेळ येत नाही. त्याचा लाइट सतत एका बाजूने येणार असेल, तर त्याच्याशी झगडण्याऐवजी तोच मुख्य प्रकाश मानून आपला फ्लॅश सावल्या उजळण्यापुरता ठेवावा.

आणखी एक बारकावा अक्षतांचा आहे. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल, तर भिंगाजवळून उडणारे तांदळाचे दाणे भकभकीत पांढऱ्या ठिपक्यांसारखे येतात. त्यामागे प्रश्न २ मधील अंतराचाच हिशेब आहे. प्रकाश बाजूने दिला, की तेच दाणे जोडप्याभोवती हवेत सुटे, स्पष्ट दिसतात.

७. बौद्ध पद्धतीच्या लग्नात एक्स्पोजर सतत चुकते. काही वेगळे करावे लागते का?

नागपुरात ही लग्ने मोठ्या संख्येने होतात आणि तरीही हा प्रश्न सर्वांत कमी मोकळेपणाने विचारला जातो. वधू-वरांची वस्त्रे पांढरी, पुष्कळदा मागचा पडदाही पांढरा. कॅमेऱ्याचे मीटर एवढे पांढरे पाहून चौकट राखाडी करून टाकते. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉपने वाढवावे आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काम करावे. तथागत बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा काचेच्या चौकटीत असतील, तर समोरून मारलेला फ्लॅश नेमका काचेत चमकतो. अशा वेळी फ्लॅश बाजूला आणि उंचावर न्यावा, किंवा मेणबत्त्या पेटवताना तो पूर्ण बंद करून मोठ्या छिद्राच्या लेन्सवर भिस्त ठेवावी. त्रिशरण-पंचशील ते पुष्पहार हा विधी आटोपशीर असल्याने क्रम बौद्धाचार्यांना आधी विचारून घ्यावा, आणि वंदना सुरू असताना मंचावर फिरू नये.

८. हळदीच्या फोटोत सगळेच पिवळे दिसते. नेमके काय चुकते?

हळदीपेक्षा मांडवाचे पिवळे कापड जास्त दोषी असते, कारण ऊन त्यातून गाळून खाली येते. पाट मांडवाच्या कडेला, बाहेरचा उघडा प्रकाश येईल अशा जागी मांडायला सांगावे आणि ग्रे कार्डवर (मध्यम राखाडी पुठ्ठ्यावर) व्हाइट बॅलन्स घ्यावा. भिंगावर साधे यूव्ही फिल्टर लावावे आणि बॉडीला पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळावे. तेल-हळद बटणांच्या फटीत गेली की सर्व्हिस सेंटरशिवाय निघत नाही.

९. मे महिन्यात व्हिडिओ चालू असताना कॅमेरा तापून बंद पडतो. काही उपाय आहे का?

बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चालतील असे उत्पादकच लिहून देतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्यामुळे वरातीच्या उन्हात ४के ६० फ्रेमवर सलग चित्रण करू नये. २५ फ्रेमवर छोटे तुकडे घ्यावेत, स्क्रीन बॉडीपासून बाहेर काढून ठेवावा आणि रिकाम्या वेळी कॅमेऱ्यावर पांढरा पंचा टाकावा. बॅटऱ्या आणि कार्डे उभ्या गाडीत कधीही ठेवू नयेत.

पावसाळ्यात अडचण उलटी असते. एसी हॉलमधून एकदम बाहेर आल्यावर भिंगावर दव धरते, म्हणून बॅग बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. चातुर्मासात कामे थांबतात आणि लेन्स कपाटात पडून राहतात, नेमकी तेव्हाच बुरशी लागते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक एवढ्यात काम भागते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राखावी.

१०. संगीताच्या रात्री डीजेच्या लेझरने कॅमेरा खराब होतो, हे खरे आहे का?

खरे आहे. लेझरचा किरण थेट भिंगात शिरला, तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपका उमटू शकतो आणि त्यानंतर सेन्सर बदलणे हाच उपाय उरतो. मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर सतत उघडा असल्याने धोका अधिक आहे. लेझरचा रोख प्रेक्षकांच्या डोक्यावरून ठेवायला ऑपरेटरला सांगावे. तो ऐकत नसेल तर लेझरकडे पाठ करून काम करावे.

११. ग्राहक ड्रोन मागतात. परवानगी लागते का?

लागते, आणि नागपुरात विशेष काळजी घ्यावी लागते. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी आवश्यक आहे. २ किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवणाऱ्यास रिमोट पायलट प्रमाणपत्रातून सूट आहे, पण लग्नाची ऑर्डर हा व्यवसाय असल्याने ती सूट येथे लागू होत नाही. विमानतळाच्या परिघापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतचेच आकाश हिरव्या क्षेत्रात मोडते. त्याच्या आत पूर्वपरवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. सोनेगावचा विमानतळ लक्षात घेता मनीषनगर, बेसा आणि वर्धा मार्गावरील बरीच लॉन या आतल्या भागात येतात. शहरात वायुसेनेची ठाणीही आहेत. शिवाय पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश असतात, म्हणून संबंधित ठाण्यात आधी चौकशी करावी. “सगळेच उडवतात” हे उत्तर ठाण्यात चालत नाही.

१२. दर कसा ठरवावा आणि इसार किती घ्यावा?

शेजारच्या स्टुडिओचा दर पाहून त्यातून दोन हजार वजा करणे, ही आपल्या शहरातील प्रचलित पद्धत आहे आणि तीच सर्वांना बुडवते. आधी स्वतःचा खर्च मांडावा. समजा सामग्री सहा लाखांची आहे, ती चार वर्षे टिकते आणि वर्षाला चाळीस दिवस काम मिळते. तर दर दिवसामागे ३,७५० रुपये केवळ सामग्रीची झीज आहे. त्यावर मदतनीस, प्रवास, हार्ड डिस्क, अल्बमची छपाई आणि एका दिवसाच्या कामामागे संगणकासमोर जाणारे तीन-चार दिवस धरावेत. नफा त्यानंतर येतो.

मुहूर्ताची तारीख एकदाच विकता येते, म्हणून इसार घेतल्याशिवाय ती राखून ठेवू नये. मी एक-तृतीयांश रक्कम तारीख धरताना, एक-तृतीयांश हळदीच्या दिवशी आणि उरलेली अल्बम छापायला देण्यापूर्वी घेतो. लग्न मोडले तर इसार परत नाही, हे लेखी असावे. घरात सुतक आल्यामुळे लग्न पुढे गेले, तर मात्र तोच इसार नव्या तारखेला वळता करावा. नियमाच्या बाहेर जाऊन असे वागलेले लोक विसरत नाहीत.

करारपत्र एक पान पुरे. त्यात तास, जादा तासाचा आकार, छायाचित्रकारांची संख्या, अल्बमच्या शीटची संख्या, छायाचित्रे निवडण्याची मुदत आणि आजारपणात बदली कोण येणार, हे लिहावे. निवडीच्या मुदतीचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण एका कुटुंबाने माझ्याकडे निवड पाठवली तेव्हा त्या जोडप्याच्या मुलाचे बारसे होऊन गेले होते. दरम्यान छपाईचा दर वाढला आणि फरक मला सोसावा लागला, कारण मुदत लिहिलेली नव्हती.

१३. ग्राहक सगळी रक्कम रोख देतो म्हणतो. घ्यावी का?

एकाच प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड स्वीकारणाऱ्यास तेवढ्याच रकमेचा होतो. हळद, लग्न आणि स्वागतसमारंभ यांच्या पावत्या वेगळ्या फाडल्या तरी प्रसंग एकच राहतो. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेल्यास जीएसटी नोंदणी करावी लागते आणि १८ टक्के कर आकारावा लागतो. तो दरात धरला आहे की वेगळा आहे, हे कोटेशनमध्येच लिहावे.

१४. फोटो मी काढले, म्हणजे हक्क माझाच ना? इन्स्टाग्रामवर टाकायला ग्राहकाला कशाला विचारायचे?

येथे बहुतेकांचा समज चुकीचा असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाची छायाचित्रे कायद्याने ग्राहकाची ठरतात. जाहिरातीसाठी ती वापरायची असतील, तर करारपत्रात तसे कलम घालून सही घ्यावी. सही वडिलांची असली तरी नवरीची संमती स्वतंत्रपणे विचारावी. हळदीची किंवा रडतानाची छायाचित्रे सगळ्यांनी पाहावीत असे तिला वाटेलच, असे नाही.

१५. वरातीत गाणे वाजवायला चालते, मग तेच गाणे व्हिडिओला लावले तर हरकत का येते?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना दिलेल्या सवलतीत लग्नाची मिरवणूक आणि विवाहाशी निगडित समारंभ येतात, म्हणून तेथे गाणे वाजवता येते. चित्रीकरणाला गाणे जोडून ते प्रसिद्ध करणे या सवलतीत बसत नाही. जाहीर करायच्या व्हिडिओसाठी परवाना घेतलेले संगीत वापरावे. माझा अनुभव असा, की मंगलाष्टके म्हणणाऱ्या आत्याचा खरा आवाज ठेवला तर घरच्यांना गाण्याची आठवणही होत नाही.

१६. डेटा किती साठवावा, आणि कार्डच करप्ट झाले तर काय करावे?

२४ मेगापिक्सेलच्या तीन हजार रॉ फाइल साधारण ८० जीबी होतात, तर १०० एमबीपीएसचे ४के चित्रण तासाला ४५ जीबी घेते. तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या पत्त्यावर असावी. डेटा किती महिने सांभाळणार, हे करारात लिहावे, कारण पाच वर्षांनी पेनड्राइव्ह हरवल्याचा फोन येतोच.

कार्ड वाचले जात नसेल, तर ते त्याच क्षणी कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवावे. रामटेकच्या एका लग्नात मी घाईघाईत भरलेले कार्ड फॉरमॅट केले होते. पुढे एकही फ्रेम न काढता कार्ड रुमालात बांधून ठेवले, म्हणून रात्री रिकव्हरी सॉफ्टवेअरने जवळजवळ सर्व छायाचित्रे परत मिळाली. त्यावर पुन्हा चित्रण केले असते, तर ती पुसली गेली असती. डेटा खरोखर गेलाच, तर ग्राहकाला त्याच दिवशी सांगावे. सेवेतील त्रुटीबद्दल तो जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, आणि लपवाछपवीने आपली बाजू आणखी कमकुवत होते.

१७. दुसऱ्या स्टुडिओसाठी ऑर्डर मारली. ते फोटो माझ्या कामाचे नमुने म्हणून दाखवता येतील का?

प्रश्न १४ मधील नियम पाहता, हक्क त्या स्टुडिओचाही नसण्याची शक्यता आहे, मग तुमचा कोठून असेल? काम स्वीकारतानाच स्टुडिओचालकास दोन ओळींचा संदेश पाठवून, किती छायाचित्रे, कोठे आणि अल्बम दिल्यानंतर किती दिवसांनी दाखवू शकता हे विचारावे आणि होकार जपून ठेवावा. त्या लग्नात पाहुण्यांनी क्रमांक मागितला, तर स्टुडिओचे कार्ड द्यावे.